दातांनी ऐकणारा तांडेल

डॉक्टरांनी कान तपासायचा लोखंडी चिमटा टेबलाच्या कडेवर आपटला आणि तो थरथरत असतानाच गंगाराम मयेकरच्या उजव्या कानासमोर धरला.

"येतंय ऐकू?"

गंगारामने मान हलवली. नाही. डाव्या कानाशी धरला, तिथेही नाही. मग डॉक्टरांनी चिमटा पुन्हा वाजवला आणि त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तसा गंगारामचा चेहरा एकदम उजळला.

"ढोमी," तो म्हणाला.

"काय?"

"ढोमी बोलते. मादीला बोलावताना अशीच बोलते."

डॉक्टर मूळचे कोल्हापूरकडचे. ढोमी ही मासळी त्यांना तळलेली ठाऊक होती, बोलणारी नव्हती. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या संदेशकडे पाहिलं. संदेशने मोबाइलमधून मान वर काढली आणि बापाच्या वतीने माफी मागितल्यासारखं हसून म्हणाला, "त्यांचं असंच असतं, डॉक्टर. तुम्ही तपासा."

डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. गंगारामचा आतला कान चांगला होता. बिघडली होती ती बाहेरून आत जाण्याची वाट. तिथली हाडं जाम झाली होती. हवेतून आलेला आवाज दारातच अडायचा, पण कवटीच्या हाडातून आलेला थेट आत पोचायचा. हृदय नाजूक असल्यामुळे ऑपरेशन नको. हाडावर बसवायचं एक यंत्र मिळतं, ते मागवता येईल.

"पण ते घरात वापरायचं. समुद्रावर नाही, खाऱ्या पाण्याने जाईल."

संदेशने मान डोलावली. समुद्राचा प्रश्न त्याच्या लेखी दोन वर्षांपूर्वीच मिटला होता.

गंगाराम रत्नागिरीजवळच्या काळबादेवीचा तांडेल. बोटीवर ज्याच्या शब्दाने जाळं पडतं आणि ज्याच्या शब्दाने ओढलं जातं, तो तांडेल. चाळीस वर्षं गंगारामचा शब्द चालला, आणि तो शब्द यायचा वल्ह्यातून. खाडीच्या मुखाशी पोचलं की तो सगळ्यांना गप्प करायचा, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटून बसायचा. खाली ढोम्या गुरगुरत असल्या तर ती गुरगुर लाकडातून दातांत यायची आणि दातांतून डोक्यात. थोड्या वेळाने तो हात वर करून दिशा दाखवायचा, आणि त्या दिशेला टाकलेलं जाळं बहुधा भरून यायचं. बहुधा म्हणायचं कारण, जाळं रिकामं आलं त्या दिवसांच्या गोष्टी गंगाराम सांगत नाही. त्या त्याची बायको विमला सांगते.

पुढे इंजिनं मोठी झाली आणि संदेशने बोटीवर मासे दाखवणारा पडदा बसवला. पडद्याला इंजिन बंद करावं लागत नाही, कुणाला गप्प बसवावं लागत नाही. तरीही बाप वल्हं दातांत धरून बसलाच, तर संदेश पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "बाबा, वल्हं खाऊन झालं असंल तर निघूया." खलाशी हसायचे. गंगारामही हसायचा, कारण त्या सुमारास त्याचे कान जायला लागले होते, आणि सगळे हसतायत तर आपणही हसावं असा त्याचा स्वभाव होता.

मग तो दिवस आला. जाळं सुटत असताना गंगारामचा पाय दोरीच्या वेटोळ्यात पडला. संदेश ओरडला, सगळे खलाशी ओरडले, आणि गंगाराम मात्र निवांत समुद्राकडे बघत उभा. रघू नावाच्या खलाशाने झेप घालून त्याला ओढला म्हणून पाय वाचला. संध्याकाळी घरी आल्यावर संदेशने सांगून टाकलं की बाबांनी आता बोटीवर पाय ठेवायचा नाही. सांगताना त्याचा गळा भरून आला होता. गंगारामला तो भरलेला गळा ऐकूच आला नाही. त्याला दिसला फक्त आपल्यावर नाचणारा पोराचा हात, आणि तेवढ्यावरून तो दोन वर्षं मनातून दुखावलेला होता.

दिवसभर तो किनाऱ्यावर बसून जाळी शिवायचा. बोटी निघाल्या की उभा राहायचा, त्या दिसेनाशा झाल्या की खाली बसायचा.

कानाच्या तपासणीहून दोघं परतले तेव्हा संदेशची मुलगी संस्कृती पडवीत तोंड पाडून बसली होती. ती रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकत होती. काळबादेवीच्या खाडीतल्या माशांचे आवाज गोळा करायचे, असं काम तिने मोठ्या हौसेने अंगावर घेतलं होतं. पाण्यात सोडायचा माईक कॉलेजने दिला होता. ओळखीच्या बोटी गाठून तीन आठवडे ती रोज संध्याकाळी खाडीच्या मुखाशी जात होती, आणि हाती लागली होती ती निव्वळ घरघर. सरांनी आज सांगितलं होतं की ढोम्या तिथे उरल्या नसाव्यात, आठवड्याभरात दुसरा विषय निवड.

"काय झालं गो हिला?" गंगारामने विचारलं.

विमलाने हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. तिच्या हातवाऱ्यांवरून गंगारामला वाटलं की संस्कृतीची दाढ दुखते. शेवटी संस्कृतीने पाटीवर लिहून दाखवलं. या घरात दोन वर्षं पाटी होती आणि ती प्रामुख्याने 'मीठ जास्त झालंय का' हे विचारायला वापरली जायची.

गंगारामने वाचलं आणि पोरीकडे बघत राहिला. "तीन आठवडे? नि मला नाय इचारलंस?"

संस्कृती गडबडली. घरातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला आवाजाबद्दल काय विचारणार, असंच सगळे धरून चालले होते, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

"लाव, लाव. काय आणलंस ता बघू."

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. काही नाही. मग गंगारामला सकाळचा चिमटा आठवला. त्याने तिच्या कॉम्प्युटरशेजारचा डबीएवढा स्पीकर उचलला, तोंड उघडलं आणि त्याची कड सरळ दातांत धरली.

"आजोबा, तो कॉलेजचा आहे," संस्कृती म्हणाली, पण तोपर्यंत आजोबांचे डोळे मिटले होते.

स्पीकर थरथरत होता. पाचेक मिनिटं गंगाराम तसाच बसला. मग त्याने स्पीकर काढून सदऱ्याला पुसला.

"ही निलेशच्या बोटीची मशीन. तिचं एक फिरतं चाक खराब झालंय, त्याला सांग. ही मागची खाडीपलीकडच्या साखरतरची बोट. नि मदी मदी चट चट करते ती लहान कोलंबी, चिमटा वाजवते."

"आणि ढोमी?" संस्कृतीने पाटीवर लिहिलं.

"ढोमी कशाक बोलंल? तू मशीन घेऊन तिच्या डोक्यावर जातंस. एवढ्या गोंगाटात तू तरी कुणाला हाक मारशील काय?"

त्या संध्याकाळी आजोबा आणि नात पडवीत पाटी घेऊन बसले. दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट होती. संस्कृतीने लिहिलं की खाडीचं पाणी गढूळ, तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. मादीला नर दिसत नाही, ऐकू येतो. ज्याचा आवाज दूर पोचला त्याचा संसार झाला, त्याची पिल्लं झाली, आणि असं लाखो वर्षं होत होत ढोमी बोलकी झाली. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तिचा नर ढोल वाजवतो. माशाला बाहेरचा कान नसतोच. आवाज अंगातून जातो आणि डोक्यातल्या दोन खड्यांना हलवतो.

"ते पांढरे खडे?" विमला आतून बाहेर आली. "जल्मभर मी ते ताटाच्या कडेला ठेवले. ते कान हायत होय?"

गंगारामला सगळ्यात आवडलं ते माशाला बाहेरचा कान नसतो, हे. "म्हंजे माज्यासारखाच," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या बहिरेपणाचं त्याला जरा कौतुक वाटलं.

मग त्याने त्याची अर्धी गोष्ट सांगितली. पूर्वी ढोम्या रोज दिवस मावळताना बोलायच्या. आता त्याच वेळेला सगळ्या बोटी निघतात. त्याचे शेवटचे चार-पाच हंगाम होते तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की ढोमी गप्प झालेली नाही, ती वाट बघायला शिकली आहे. शुक्रवारी नमाजासाठी साखरतरच्या बोटी बंदरात असत, तेव्हा ती थोडी बोलायची. काळबादेवीच्या बोटी बंद राहत तेव्हा धक्क्यावरून पाण्यात वल्हं सोडलं तर लांबून थोडी ऐकू यायची. आणि एका दिवशी दोन्हीकडच्या बोटी बंद राहिल्या तर नीट गप्पा मारायची.

"असा दिवस कधी येतो?" संस्कृतीने लिहिलं.

"शिमग्यातला शुक्रवार," गंगाराम म्हणाला.

तो शुक्रवार सहा दिवसांवर होता. अडचण एवढीच की शिमग्यात पालखी गावात फिरत असताना काळबादेवीतलं कुणी पाण्यात होडी लोटत नाही. बापाच्या बापाच्या वेळेपासून कुणी लोटलेली नाही.

संदेशने ऐकलं आणि जेवणावरून उठला. "बाबा, पालखी दारात यायची नि तुम्ही पाण्यात? गाव काय म्हणंल? नि तुम्ही दोघंच जाणार, एक बहिरा नि एक पोर?"

हे त्याने पाटीवर लिहिलं नाही, पण गंगारामला चेहऱ्यावरून कळलं. ताटावरून उठून, हात धुवून तो अंगणात गेला आणि तिथेच पाठ करून बसला. ती पाठ विमलाने बघितली.

दुसऱ्या दिवशी ती पालखीचे मानकरी शिवातात्या यांच्याकडे गेली. "जाळं नेणार नाय," ती म्हणाली. "गळ नाय, टोपली नाय. मग ता धंद्याला जाणं झालं काय? नुसतं आयकून येणार."

शिवातात्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "आयकायला कोण जाणार?"

"आमचे हे."

"गंगाराम?" शिवातात्यांना इतकं हसू आलं की पान थुंकावं लागलं. "बहिरा आयकायला चाललाय. जाऊं दे गो, देवी पण बघंल मजा. फक्त पालखी तुमच्या दारात यायच्या आत परत या."

परवानगी मिळाली आणि त्याबरोबर बातमीही गावभर झाली. संदेशचं डोकं फिरलं. पण बापाला आणि मुलीला एकटं सोडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मी येतो. काही ऐकू आलं नाही तर परत बोटीचं नाव काढायचं नाही.'

गंगारामने वाचलं. "नि आलं तर?"

संदेशने पाटी पुसली.

शुक्रवारी संध्याकाळी अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. इंजिन चालणार नव्हतं, म्हणून शिवातात्यांच्या चुलतभावाची जुनी लाकडी होडी काढली. संदेशने वल्हं हातात घेऊन पंधरा वर्षं झाली होती. होडी पाण्यात गेली आणि तिने सावकाश स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली. किनाऱ्यावरून सूचनांचा पाऊस पडला. डावं मार, उजवं सोड, पडदा लाव रे होडीला. संदेशचे कान लाल झाले. गंगारामला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो पुढे बसून सुखाने वारा खात होता. दुसऱ्या फेरीनंतर त्याने मागे वळून पोराच्या मनगटाला हात लावला, वल्ह्याचा कोन बदलला, आणि होडी सरळ चालू लागली.

खाडीच्या मुखाशी त्यांनी नांगर सोडला. समुद्रावर एकही बोट नव्हती. संस्कृतीने माईक पाण्यात सोडून हेडफोन चढवला. गंगारामने वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली, मग दहा. संस्कृतीला फक्त कोळंबीची चटचट येत होती. सूर्य पाण्याला टेकला. संदेश एकदा किनाऱ्याकडे बघायचा, एकदा बापाकडे. बापाच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि ओठाच्या कडेने लाळ वल्ह्यावर उतरत होती. संदेशला वाटलं, आता आपणच म्हणावं की चला, पुरे झालं. बापाला सगळ्या गावासमोर हरलेला बघायची त्याची इच्छा नव्हती. आपली ही अट आपण लिहायला नको होती, असं त्याला फार वाटलं.

तेवढ्यात गंगारामने हात वर केला. त्याचं बोट खडकांच्या बाजूला होतं.

संस्कृतीने मान हलवली, तिला काही येत नव्हतं. गंगारामने वल्हं सोडलं नाही, फक्त तेच बोट पुन्हा तिकडे नेलं. संदेशने नांगर उचलला आणि उरलेल्या वल्ह्याने, जमेल तितका हळू, होडी शंभरेक हात पुढे नेली. संस्कृतीने माईक पुन्हा सोडला. क्षणभराने तिने वडिलांचं मनगट घट्ट धरलं.

"पप्पा. आहे."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला होता. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गंगारामने दातांतलं वल्हं काढलं, मूठ धोतराला पुसली आणि संदेशपुढे धरली.

संदेशने जन्मभर ज्याची टिंगल केली होती, ते करताना त्याला संकोच वाटला. पण किनारा लांब होता. त्याने मूठ दातांत धरली. लाकूड खारट लागलं. आधी त्याला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू आली. मग तिच्याखालून काहीतरी आलं, जाड, गुरगुरणारं, थांबून थांबून. एकाने गुरगुरावं, तो थांबला की लांबून दुसऱ्याने. पडद्यावर त्याने हजारो वेळा हे मासे लाल ठिपक्यांसारखे पाहिले होते. ते बोलतात हे त्याला माहीतही होतं. पण माहीत असणं वेगळं. त्याने डोळे मिटले आणि किती वेळ तसाच राहिला ते त्याला कळलं नाही.

गंगाराम पोराच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्या चेहऱ्यावरून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"किती हायत?" त्याने विचारलं.

संदेशने वल्हं न काढता खांदे उडवले.

"नऊ," गंगाराम म्हणाला. "मी मोजले. माज्या उमेदीत मोजायची सोय नव्हती. नुसती होडी घुमायची, पायाखालची फळी घुमायची. झोप येत नसे." तो हसत हसतच बोलला, पण बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याने ते लपवलं नाही.

संस्कृतीने पाटी आणली नव्हती. तिने आजोबांच्या तळहातावर बोटाने नऊचा आकडा काढला, त्याच्याभोवती गोल केला आणि मूठ मिटवली. सरांच्या हिशेबात तिथे शून्य होते.

परत निघाले तेव्हा संदेशचे हात सोलवटले होते, पण होडी सरळ चालत होती. गंगाराम पुढे, तिघांत सर्वांत निवांत, किनाऱ्याकडे तोंड करून बसला होता. गावातून ढोल वाजायला लागले होते. वळणावरून पालखी मयेकरांच्या घराकडे वळताना दिसली. ती बापाने बघावी म्हणून संदेशने हाक मारायला तोंड उघडलं, दोन वर्षांच्या सवयीने, मोठ्याने. आणि मिटलं.

त्याने वल्ह्याची मूठ होडीच्या फळीवर दोनदा ठोकली.

गंगाराम लगेच वळला, कुणी नावाने बोलावल्यासारखा. "काय रे?"

संदेशने पालखीकडे बोट केलं. गंगारामने बघितलं, हात जोडले आणि पुन्हा पुढे तोंड केलं. संदेशने आणखी एकदा ठोकलं, या वेळी हलकेच, नुसतं बघायला. बाप तितक्याच चटकन वळला.

"काय?"

संदेशला आत्ता उमगलं: दोन वर्षं आपण सगळे हवेतून ओरडत राहिलो. पाय दोरीत पडला त्या दिवशीही बोट लाकडीच होती, आणि बाप तिच्यावर अनवाणी उभा होता; फळीवर एक ठोका पुरला असता. संदेश वल्ही मारत राहिला. किनारा जवळ येत होता, माणसं ओळखू यायला लागली होती. विमला कमरेवर हात ठेवून उभी होती, कारण पालखी दारात पोचायला आता थोडाच वेळ उरला होता.

त्याने तिसऱ्यांदा ठोकलं. गंगाराम वळल्यावर एक वल्हं सोडून त्याने चार बोटं दाखवली, मग हात उगवतीकडे केला आणि तोंडाने सावकाश म्हणाला, "सोमवारी. पहाटे चारला. बोटीवर येताय काय?"

गंगारामने ओठ वाचले. त्याची खात्री पटेना, म्हणून त्याने संस्कृतीकडे पाहिलं. ती होकारार्थी मान डोलावत होती.

"येतंय," तो म्हणाला, आणि भराभर पुढे वळून बसला. संदेशला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ जरा हलत होती, म्हणून त्याने पुन्हा ठोकलं नाही.